सोशल वर्क आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र शिकायचं ठरवलंत तर

फील्डवर्कच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर एकाच मुलाचे दोन कागद होते. एक पोलिसांकडून आलेला: वय १६, मोबाइलची चोरी, दुसरी वेळ, सोबत आणखी तिघे. दुसरा माझ्याच अक्षरातला: आई रात्रपाळीला, शाळा सातवीत सुटली, धाकट्या बहिणीला शाळेत सोडणं-आणणं याच्याकडे. सुपरव्हायझर बाईंनी दोन्ही वाचले आणि विचारलं, "यातला खरा मुलगा कुठला?" मी अर्थातच माझा कागद पुढे सरकवला. त्या म्हणाल्या, "मग मोबाइल कोणी चोरला?"

हे दोन विषय एकत्र घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचं शास्त्र, हजार मुलांकडे एकदम बघते आणि विचारते, असं का होतं, कुठे जास्त होतं, कोणत्या वयात थांबतं. सोशल वर्कला त्या हजारांशी घेणंदेणं नसतं. मंगळवारी अकरा वाजता समोर येऊन बसणाऱ्या एकाशी असतं. एकाच विद्यार्थ्याला दोन्ही सांभाळायचं म्हणजे सुरुवातीला ओढाताण होते. ती कशी निभवायची ते पायरीपायरीने सांगते. काही पायऱ्या लांब आहेत, काहींवर फार बोलण्यासारखं नाही.

पहिली पायरी: प्रवेशाआधी पदवीचं नाव नाही, शेपूट वाचा

"सोशल वर्क आणि क्रिमिनॉलॉजी" या नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. कुठे दोन्ही विषय समसमान असलेली संयुक्त पदवी असते. कुठे पदवी सोशल वर्कची असते आणि गुन्हेगारी-न्याय हे त्यातलं विशेषीकरण असतं. कुठे मुळात क्रिमिनॉलॉजीची पदवी असते आणि सोशल वर्कचे चार-पाच पेपर चवीपुरते जोडलेले असतात. माहितीपत्रकात तिन्ही सारखेच आकर्षक दिसतात.

म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा: ही पदवी घेतल्यावर मला सोशल वर्कर म्हणून नोंदणी किंवा परवाना मिळेल का? बऱ्याच देशांत हा शब्द कुणीही आपल्या नावापुढे लावू शकत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून ही उपाधी कायद्याने राखीव आहे. अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा, पण त्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता हवी, आणि त्या मान्यतेसाठी पदवीला किमान ४०० तास आणि पदव्युत्तरला किमान ९०० तास फील्डवर्क लागतं. इंग्लंडमधल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे २०० दिवस धरलेले असतात. तुमच्या समोरच्या अभ्यासक्रमात फील्डवर्क किती तासांचं आहे हे बघितलं, की तो खरोखर कुठल्या जातकुळीचा आहे ते लगेच कळतं. तास कमी असतील तर तो वाईट ठरत नाही. संशोधन, धोरण, आकडेवारी यांत जायचं असेल तर उत्तमच. फक्त तिसऱ्या वर्षी धक्का बसायला नको.

आणखी एक. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, गुन्ह्याच्या जागेचा पिवळा फितीवाला घेरा, यासाठी येत असाल तर ते फॉरेन्सिक सायन्स. इथे त्यातलं काही नाही. दर वर्षी वर्गातले दोन-तीन जण या गैरसमजातून आलेले असतात आणि दीनवाण्या चेहऱ्याने पहिलं सत्र काढतात.

मुलांबरोबर किंवा तुरुंगात काम करायचं तर बहुतेक ठिकाणी तुमचीही पार्श्वभूमी तपासली जाते. तुमच्या नावावर जुनं काही प्रकरण असेल तर ते लपवू नका. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. प्रकरण असण्यापेक्षा ते दडवलेलं सापडणं जास्त महागात पडतं. शिवाय या क्षेत्रात स्वतः तुरुंग पाहिलेल्या माणसांना वेगळी किंमत आहे.

दुसरी पायरी: जिथे दोन्ही विषय एकमेकांना भेटले तिथून वाचन सुरू करा

अभ्यासक्रम साधारणपणे इटालियन विचारवंत बेकारियापासून सुरू होतो. १७६४ साली त्याने मांडलं की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की होणार आहे का, याचा धाक जास्त असतो. मग येतो लोम्ब्रोसो, तुरिनचा डॉक्टर. कैद्यांच्या कवट्या मोजून त्याने १८७६ साली 'जन्मजात गुन्हेगारा'ची कल्पना मांडली. मग चार्ल्स गोरिंग. त्याने सुमारे ३००० इंग्लिश कैद्यांची मोजमापं बिगर-कैद्यांशी ताडून बघितली आणि १९१३ साली सांगितलं, असा काही वेगळा शारीरिक नमुना दिसत नाही. हे सगळं परीक्षेला लागतं, ते वाचाच. पण नवख्याने सुरुवात दुसरीकडून केली तर दोन्ही विषयांची नाळ लवकर सापडते.

१८४१ साली बोस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा माणूस एका दारुड्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस कोर्टात परत आला तेव्हा शुद्धीत होता, नीटनेटका होता. त्याला तुरुंगाऐवजी नाममात्र दंड झाला. ऑगस्टस १८५९ मध्ये वारला, तोवर त्याने जवळपास २००० जणांची जबाबदारी घेतली होती. प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाऐवजी कुणाच्या तरी देखरेखीखाली मोकळं ठेवण्याची, सुरुवात ही. कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १८७८ ला आला, म्हणजे काम आधी आणि कायदा मागून. पुढे १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय उभं राहिलं, त्यामागे जेन अ‍ॅडम्सच्या हल हाऊस या वस्तीतल्या समाजकेंद्रातल्या बायकांचा रेटा होता, आणि तिथले सुरुवातीचे प्रोबेशन अधिकारीही त्याच वर्तुळातून आले. त्याच शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारीचे नकाशे काढले. त्यांना दिसलं की काही वस्त्यांमध्ये राहणारे लोक बदलले, एका देशातून आलेले गेले आणि दुसऱ्या देशातले आले, तरी गुन्ह्यांचं प्रमाण तसंच चढं राहिलं. म्हणजे दोष माणसांच्या वंशात नव्हता, जागेच्या परिस्थितीत होता. शॉ एवढ्यावर थांबला नाही. १९३० च्या दशकात त्याने त्याच वस्त्यांतल्या रहिवाशांना हाताशी धरून काम उभं केलं. आपण ज्याला समुदाय संघटन म्हणतो तेच.

इतकं डोक्यात बसलं की बाकीचे सिद्धांत पाठ करायला सोपे जातात. माझी एक सवय सांगते. प्रत्येक सिद्धांताच्या टिपणाखाली मी एक ओळ लिहायचे: "मग सोमवारी सकाळी मी काय करू?" सदरलँड सांगतो की गुन्हा हा संगतीत शिकला जातो, मग मला मुलाचे मित्र माहीत हवेत, नुसते आईबाप नाहीत. हर्शीने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: लोक गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक लोक का करत नाहीत? त्याचं उत्तर होतं बंध. घर, शाळा, काम, काहीतरी गमावण्यासारखं असणं. मग माझ्या मुलाकडे गमावण्यासारखं काय आहे? धाकटी बहीण. ती माझ्या कागदावर होतीच, पण मी तिला दयेच्या रकान्यात टाकलं होतं. ती खरी आधाराची जागा होती. ज्या सिद्धांताखाली ही ओळ लिहिता येत नाही तो एक तर मला समजलेला नसायचा, किंवा त्यात फारसं काही नसायचं.

तिसरी पायरी: आकड्यांना घाबरू नका, पण त्यांची वंशावळ विचारा

सोशल वर्कला येणारे पुष्कळ जण गणितापासून पळून आलेले असतात. मीही. क्रिमिनॉलॉजी तुम्हाला परत तिथेच आणून बसवते. दिलासा हा, की पहिल्या वर्षी लागतं ते अवघड गणित नसतं, संशयी डोळा असतो.

पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे म्हणजे झालेले गुन्हे नव्हेत. न नोंदलेल्या भागाला 'काळा आकडा' म्हणतात. तो हुडकायला थेट लोकांच्या घरी जाऊन विचारायची पद्धत आली: गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं? अमेरिकेत असं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७३ पासून आणि इंग्लंडमध्ये १९८२ पासून चालू आहे. एखाद्या भागात घरगुती हिंसेच्या तक्रारी अचानक वाढल्या तर हिंसा वाढली असेल, किंवा तिथे तक्रार ऐकून घेणारी एखादी बाई नेमली गेली असेल. दुसरी शक्यता सोशल वर्करला चटकन सुचते, आणि म्हणूनच आकड्यांच्या तासाला गप्प बसू नका.

चौथी पायरी: चांगल्या हेतूने केलेल्या कामाचं एक उदाहरण तोंडपाठ करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

रिचर्ड कॅबट हा बोस्टनचा डॉक्टर. रुग्णालयातल्या सोशल वर्कचा पाया ज्यांनी घातला त्यांतला एक. त्याने केंब्रिज आणि सॉमरव्हिल या मॅसॅच्युसेट्समधल्या शेजारशेजारच्या गावांत एक प्रयोग सुरू करवला. मुलांच्या जोड्या लावायच्या: वय, घर, स्वभाव सारखे असलेले दोघे. नाणं उडवून एकाला मदत, दुसऱ्याला काही नाही. १९३९ पासून सरासरी पाचेक वर्षं समुपदेशक या मुलांच्या घरी महिन्यातून साधारण दोनदा जात होते. अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं, घरच्या भांडणांत मध्यस्थी, सगळं. शेवटी दोन्ही गट मिळून ५०६ मुलगे उरले.

तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलग्यांना, आता मध्यमवयीन पुरुषांना, शोधून काढलं. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांचे गुन्हे कमी झाले नव्हते. उलट एकापेक्षा जास्त गुन्हे करणारे, दारूच्या आहारी गेलेले, लवकर मेलेले त्यांच्यात अधिक निघाले. आणि ज्यांनी प्रश्नावली भरून पाठवली त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांनी लिहिलं होतं की त्या कार्यक्रमाचा आम्हाला उपयोग झाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला, मग भीती वाटली. कारण आपल्या अहवालांत आपण काय लिहितो? "लाभार्थी समाधानी आहेत." त्या प्रयोगातले लाभार्थीही समाधानीच होते.

असं का झालं यावर अजून चर्चा चालते. मॅककॉर्ड यांनी काही शक्यता मांडल्या: बाहेरच्या माणसावर अवलंबून राहण्याची सवय लागली असेल, किंवा अपेक्षा वाढवल्या गेल्या आणि पुढचं आयुष्य त्या पुऱ्या करू शकलं नाही. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटलेलं होतं. अडचणीतल्या मुलांना एकत्र कोंबलं की ती एकमेकांकडून शिकतात. सदरलँड आठवला का?

म्हणून तुमच्या पहिल्याच कार्यक्रमाच्या आराखड्यात, उद्दिष्टांच्या खाली, एक रकाना स्वतःहून घाला: "यामुळे नुकसान कसं होऊ शकेल?" कुणी मागितलेला नसतो. तरी घाला. आणि मुलांचा गट करायचा असेल तर गटात कोण कोण आहे ते आधी बघा.

पाचवी पायरी: फील्डवर्क

इथे वेळ द्या. लेक्चर बुडालं तर नोट्स मिळतात. फील्डवर्कचा दिवस बुडाला तर कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.

जागा निवडायची संधी असेल तर एक फील्डवर्क आरोपी किंवा कैद्यांबरोबर आणि एक पीडितांबरोबर करा, शक्यतो याच क्रमाने नाही. नुसतं एका बाजूला राहिलं की माणूस नकळत त्या बाजूचा वकील होतो. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ जणांच्या घरांची, गाड्यांची नासधूस केली. त्यांच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने, मार्क यांत्झीने, न्यायाधीशांपुढे भलतीच सूचना ठेवली: ही मुलं त्या लोकांना प्रत्यक्ष भेटू देत. मुलं दारोदार गेली, ऐकून घेतलं, भरपाई केली. पुनर्स्थापक न्यायाच्या, म्हणजे शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या न्यायाच्या, आजच्या पद्धतीची सुरुवात बहुतेक जण या घटनेपासून सांगतात. ही कल्पना सुचायला दोन्ही दारांमागे काय असतं याची जाणीव हवी.

पहिल्या भेटीत सगळ्यात आधी गोपनीयतेबद्दल बोला, आणि खरं बोला. "तू सांगशील ते माझ्यातच राहील" हे वाक्य कधीच उच्चारू नका, कारण ते पाळता येत नाही. मी असं म्हणते: "तू जे सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण कुणाला इजा होणार आहे असं कळलं, तुला किंवा दुसऱ्याला, तर मला वर सांगावं लागेल. आणि कोर्टासाठी अहवाल लिहायचा असेल तर त्यात काय जाणार ते मी तुला आधी वाचून दाखवीन." समोरचा थोडा आखडतो. आखडू दे. नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटण्यापेक्षा बरं.

आता लिहिण्याबद्दल. नवख्यांच्या नोंदींत मला हमखास सापडणारे शब्द: आक्रमक, असहकार्य करणारा, खोटारडा, घर विस्कळीत. समाजशास्त्रज्ञ बेकर आणि त्याच्या परंपरेतल्या लोकांनी माणसाला 'गुन्हेगार' असं लेबल चिकटण्याबद्दल जे लिहिलं ते परीक्षेत दहा मार्कांना आपण सुरेख उतरवतो आणि दुपारी फाइलमध्ये स्वतःच लेबल चिकटवून येतो. फाइल तुमच्यापेक्षा जास्त जगते. तुम्ही पास होऊन निघून गेल्यावर ती दुसरा कुणी वाचतो, आणि त्याला त्या मुलाआधी तुमचं विशेषण भेटतं.

माझी एक जुनी नोंद अशी होती: "मुलगा आक्रमक झाला व सत्र सोडून गेला." बाईंनी ती परत दिली आणि म्हणाल्या, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिही. दुसऱ्या खेपेला ती अशी झाली: "शाळेचा विषय काढल्यावर त्याने उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने खुर्ची मागे ढकलली, 'तुम्हाला काय करायचंय' म्हणाला आणि बाहेर गेला. दहा मिनिटांनी दारात येऊन उभा राहिला. मी बस म्हटलं, तो बसला." पहिल्या नोंदीत फक्त मुलगा दिसतो. दुसरीत मीही दिसते, दोनदा तोच प्रश्न विचारणारी. आणि तो परत आला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या नोंदीतून गळूनच गेली होती.

निरीक्षण एका रंगाच्या शाईत आणि तुमचा अंदाज दुसऱ्या, असं सुरुवातीचे महिनाभर केलंत तर हात आपोआप वळतो.

आणखी एक गाठ फील्डवर्कमध्येच सुटते, किंवा निदान दिसते: आपण नेमके कुणाचे? मुलाचे, संस्थेचे, की कोर्टाचे? प्रोबेशनचं काम मदतीचंही आहे आणि नजर ठेवण्याचंही. भेटीला आला नाही तर कळवावं लागतं. काही विद्यार्थी मदतीकडे इतके झुकतात की गैरहजेरी लपवतात, काही चार दिवसांत हवालदार होतात. दोन्ही भूमिका तुमच्याकडे आहेत हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. त्याला ते बहुधा आधीच माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे का, एवढंच तो बघत असतो.

सहावी पायरी: प्रबंध

थोडक्यात. तुरुंगात किंवा निरीक्षणगृहात जाऊन मुलाखती घ्यायचा विषय घेतलात तर परवानग्यांत महिने जातात, आणि नैतिकता समितीला "कैदी मोकळेपणाने नाही म्हणू शकतो का?" या प्रश्नाचं पटणारं उत्तर द्यावं लागतं. पदवीच्या पातळीला जुनी माहिती नव्याने वाचणं कमी लेखू नका. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या संशोधकांना हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात ग्लुक दांपत्याच्या जुन्या अभ्यासाची खोकी सापडली: ५०० गुन्हा केलेली आणि ५०० न केलेली मुलं. त्यातून १९९३ मध्ये त्यांनी दाखवलं की स्थिर नोकरी आणि टिकणारं लग्न यांच्यामुळे मोठेपणी रस्ता बदलू शकतो. मूळ अभ्यासातल्या एलिनॉर ग्लुक यांनी सोशल वर्कचंही शिक्षण घेतलं होतं. धूळ खाणाऱ्या खोक्यांबद्दल म्हणूनच आदर ठेवा.

सातवी पायरी: स्वतःकडे बघणं

काही फाइली घरी येतात, डोक्यातून. त्यासाठी सुपरव्हिजनचा तास असतो. तो रजेचा अर्ज आणि हजेरीपट यांत घालवू नका. झोप उडाली असेल तर ते सांगा. सांगितल्याने मार्क कापले जात नाहीत, निदान चांगल्या ठिकाणी नाहीत. तुमच्याकडे कापले जात असतील तर वर्गातले तिघेचौघे मिळून दर आठवड्याला बसा, फक्त नावं न घेता बोला.

शेवटची पायरी: निघणं

फील्डवर्क संपण्याची तारीख तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. समोरच्याला नसते. बहुतेक विद्यार्थी ती शेवटच्या भेटीत, उठता उठता सांगतात, कारण सांगायला जड जातं. ज्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेलेली असतात, त्यांच्याशीच आपण पुन्हा तेच करतो.

पहिल्या भेटीत तारीख सांगा. शेवटच्या तीन भेटी उरल्या की पुन्हा सांगा. पुढे कोण येणार ते ठरलं असेल तर त्या व्यक्तीला एकदा सोबत घेऊन या. फोन नंबर देऊ नका आणि "येत जाईन अधूनमधून" असं म्हणू नका.

मी त्या मुलाला तारीख तीन भेटी आधी सांगितली. तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी बहिणीची वही घेऊन आला, तिने काढलेलं चित्र दाखवायला. त्याच्या पुढच्या वेळी आलाच नाही. शेवटच्या दिवशी वेळेआधी वीस मिनिटं येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता, आणि आत आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "नवीन बाईंना माझ्याबद्दल काय लिहून दिलंय?" मी फाइल उघडली आणि वाचून दाखवली.